छगननानांची जाळी

"रोज्यात त्यांना अ‍ॅल्युमिनियमपाशी बसवू नको, बेटा. दुपार कलली की हात एकीकडे जातो नि ध्यान एकीकडे. चहा नाही, पान नाही, घोटभर पाणी नाही. हात सवयीनं चालत राहतो, माणूस त्या हातात नसतो."

आबेदाबींनी हे अमळनेरच्या एसटीत चढता चढता सांगितलं. लेकीचं बाळंतपण काढायला त्या निघाल्या होत्या. मागं कंडक्टर घंटी ओढत होता, पुढं मंतशाच्या कडेवरची कशिश आईच्या कानातलं ओढत होती. मंतशा "हो अम्मी, हो" म्हणत राहिली. सासूला चुलीपासून चांदण्यांपर्यंत सगळ्याचीच काळजी. आणि सासऱ्यांनी, अब्बांनी, उभी हयात रेडिएटरच्या जाळ्या सांधल्या, त्यांना आता सुनेनं काय राखायचं? एसटी वळली. घरी येईपर्यंत तिच्या डोक्यातून ते पार उतरलं.

पिंपळनेरहून चरणमाळ घाटाकडं जाणाऱ्या रस्त्याला अब्बांचं, गावाच्या जब्बारचाचांचं, दुकान. पुढं पत्र्याची शेड, मागं घर, मध्ये एक पडदा. शेडमध्येही कुणी न आखलेली एक रेघ होती. डाव्या हाताला अब्बांचा संसार: कोळशाची शेगडी, कथलाच्या कांड्या, नवसागराची वडी आणि जमिनीत अर्धी पुरलेली कॉस्टिक सोड्याची लोखंडी टाकी. पितळी जाळी त्या टाकीत बुडवली की वर्षांचा मळ सुटून तांबूस पितळ उघडं पडायचं. उजव्या हाताला मंतशाच्या नवऱ्याचं, शेहजादचं काम: गॅसची बत्ती, पाण्याचा हौद, काटा लावलेला हवेचा पंप, आणि खिळ्याला उंचावर टांगलेला स्टीलच्या तारांचा ब्रश. त्या ब्रशाला लाल दोरा बांधलेला. पितळेला लागलेला ब्रश अ‍ॅल्युमिनियमला लावायचा नाही, म्हणून ती खूण. नव्या गाड्यांच्या जाळ्या साऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या. शेहजाद ते काम धुळ्याला राहून शिकून आला होता. अब्बांच्या बाजूला आता महिन्याकाठी एखादा जुना ट्रॅक्टर यायचा, नि तो आला की अब्बा दुप्पट मोठ्या आवाजात बोलायचे.

अशात शेहजादच्या मोटारसायकलला दहिवेलच्या रस्त्यावर रानडुक्कर आडवं गेलं. खांद्याचं हाड मोडलं. उजवा हात गळ्यात बांधून तो खाटेवर बसला, आणि कांद्याचा हंगाम तोंडावर आला.

कांदा वाहणारे छगननाना आले ते आपली पिकअप ढकलतच. बरोबर बायको मंजुळाबाई, डोक्यावर पदर, हातात डब्याची पिशवी.

"जब्बारभाऊ, जरा दखा हो. चढ उना की काटा लालमा जास, नि खालून पानी टिपकस."

"केव्हा हवी गाडी?"

"परवा नवापूरले कांदा टाकना शे. आनी येताना सूनले नि नातूले लई येवानं शे."

सून दिपमाला बाळंतपणाला माहेरी गेली होती, नवापूरच्या अलीकडं घाटाखालच्या गावाला. मुलगा प्रेमराज सुरतेला कामाला. नातवाचं तोंड मंजुळाबाईंनी अजून फोनवरच पाहिलं होतं.

"उतरताना नही काही," छगननाना म्हणाले. "येताना चढ. पोरगं पुढं बसाडसूत, नि इंजिन तापनं तं?"

"तापणार नाही," अब्बा म्हणाले. "माझी जबान."

शेहजाद त्या दिवशी हाताचा फोटो काढायला साक्रीला जायचा होता. निघताना त्यानं रेडिएटर हातानंच चाचपून पाहिला. काळ्या रंगाखाली चिखल, चिखलाखाली ऑइल, जाळीच्या पापुद्र्यांची ओळखही लागत नव्हती. "अब्बा, मी येईपर्यंत फक्त खोलून ठेवा. धुवायचं मी आलो की बघू."

"मला शिकवू नको," अब्बा म्हणाले, पण हसून.

मंजुळाबाई मागच्या घरात मंतशाजवळ बसल्या. कशिशला मांडीवर घेतलं, तिच्या पावलांना हात फिरवला, आणि दुकानाकडं मान करून म्हणाल्या, "तू कालेजमा शिकेल शे ना, माय? मंग हात काळा कसाले करस?"

"यांचा हात मोडला ना, मावशी. खोलायला मदत लागते."

"आमना प्रेमराज म्हनस, शिकेल बाई कामले हात लावत नही." मग स्वतःच हसल्या. "त्याले दखाडसू तुले."

त्या दोघी बोलत होत्या तेवढ्यात अब्बांनी दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टिकच्या टाक्या उतरवल्या होत्या. जाळी हातात धरून ते उजेडाकडं बघत राहिले. मातीच माती. इतकी घाण ब्रशानं काढायची म्हणजे संध्याकाळ व्हायची. त्यांच्या बाजूची टाकी तिथंच, झाकण बाजूला सारलेलं. पाच मिनिटं, ते मनाशी म्हणाले असतील. नुसती माती सुटेल, लगेच काढू. त्यांनी जाळी टाकीत सोडली. तेवढ्यात जोहरची, दुपारच्या नमाजाची, अजान झाली, तसे वजूचे हातपाय धुऊन ते मशिदीकडं निघाले.

मंतशाला पहिल्यांदा वाटलं चुलीवर दूध उतू गेलं. तसाच आवाज. चूल तर विझलेली होती. पडदा सारून ती पुढं आली तर टाकीतून करडा फेस काठावरून खाली उतरत होता, आणि कुणी न तापवलेलं पाणी आपल्याच अंगानं उकळत होतं. नाकात झणका बसला. आणि तीन हातांवर अब्बांच्या शेगडीत कोळसे लाल होते.

"मावशी, पोरीला घेऊन मागच्या दारानं बाहेर! लवकर!"

कॉस्टिकमध्ये अ‍ॅल्युमिनियम पडलं की जो वायू सुटतो तो ठिणगीची वाट बघत असतो, हे ती प्रयोगशाळेत शिकली होती. तिनं ओढणी तोंडाला गुंडाळली, शेगडी चिमट्यानं उचलून रस्त्यावर नेऊन ठेवली, दोन्ही शटरं पार वर लोटली. मग लांब आकड्यानं जाळी ओढली. आकड्याला नुसती चौकट आली. पापुद्रे ओल्या कागदासारखे लोंबत होते, नळ्यांना बोट घातलं तर आरपार जाईल अशी भोकं. जमिनीवर ठेवली तेव्हाही ती सुस्कारत होती.

मंजुळाबाई मागून वळसा घालून पुढं आल्या होत्या. कशिश त्यांच्या खांद्यावर रडत होती. "हाई काय व्हई गयं?" त्यांनी विचारलं. मंतशानं आकडा खाली टाकला नि पोरीला आपल्याकडं घेतलं.

अब्बा मशिदीतून आले, ते दारातच थांबले. टोपी काढली, पुन्हा घातली. जाळीपाशी उकिडवं बसून एक पापुद्रा दोन बोटांत धरला. त्याचं पीठ झालं.

छगननाना चहा पिऊन परत आले. त्यांनी ती चौकट पायानं सरकवून पाहिली. मग म्हणाले ते आवाज न चढवता.

"जब्बारभाऊ, तुमना हात आते गया."

रस्त्यापलीकडच्या टपरीवरचे दोघे-तिघे उठून बघायला आले होते. त्यातला एक हसला. अब्बांनी मान वर केली नाही.

"परवा तुमची गाडी जाईल," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "जाळी माझी. मी आणतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे सहेरीचं खाणं करून ते पहिल्या एसटीनं धुळ्याला गेले. शेहजाद जातो म्हणाला, मोडल्या हातानं. अब्बांनी ऐकलं नाही. भंगारबाजारातून त्याच बनावटीची एक जुनी जाळी शोधून, चादरीत गुंडाळून, परतीच्या गर्दीत मांडीवर घेऊन ते असरच्या नमाजाच्या सुमारास, ऊन कलल्यावर, आले. एसटीतून उतरले तेव्हा मंतशानं बघितलं, त्यांचे ओठ पांढरे झाले होते नि उजवा अंगठा थरथरत होता.

"अब्बा, आज रोजा सोडला असता तरी चाललं असतं. सफरीत सूट असते."

"ज्यांची जाळी मी खाल्ली त्यांच्या नावानं मी पाणी पिऊ?" ते म्हणाले, आणि चादर उलगडायला लागले.

जाळीला गळती असणारच, भंगारातली ती. शेहजादनं खाटेवरून सांगितलं तसं मंतशानं दोन्ही तोंडांना रबरी बुचं बसवली, तिसऱ्या नळीतून पंपानं हवा भरली, काटा एकावर आणला आणि जाळी हौदात बुडवली. एका बाजूच्या टाकीजवळ एका जागी बुडबुड्यांची माळ धरली. तिथं नळी पट्टीतून सुटली होती. बाकी जाळी चांगली होती.

"एवढीच," शेहजाद म्हणाला. "होईल. पण हात तुझे लागतील."

"माझे?"

"माझा एक बांधलाय. अब्बांचा..." तो थांबला. अब्बा समोरच होते. "अब्बा धरतील."

उरलेला दिवस तसाच निघाला. शेहजाद खाटेवरून बोलायचा, मंतशा करायची, अब्बा जाळी धरून बसायचे. कशिशच्या कमरेला ओढणी बांधून तिचं दुसरं टोक खाटेच्या पायाला बांधलं होतं. कॉस्टिकच्या टाकीवर झाकण, झाकणावर दोन ऐरणी. तरी मंतशाची मान दर मिनिटाला तिकडं वळायचीच.

"आधी टाकी धरून ठेवणारे पट्टीचे दात उघड. एकेक. जेवढा लागेल तेवढाच वाकव, हे दात पितळेचे नाहीत, दोनदा वाकवलेस की तुटतील."

ती स्क्रूड्रायव्हरनं दात उचकटत गेली. नखाखाली रक्त साकळलं.

"आता गरम पाणी नि भांड्याचा साबण. बाकी काही नाही."

"बाकी काही नाही," अब्बांनी पुटपुटल्यासारखं म्हटलं, दुसऱ्या कुणाला नाही.

सुटलेल्या सांध्यावरचं ऑइल तिनं थिनरच्या फडक्यानं पुसलं, पुन्हा पुसलं, मग लाल दोऱ्याचा ब्रश घेऊन घासलं. करडेपणा जाऊन जागा चंदेरी झाली.

"बोट लावू नकोस! बोटाचं तेलही नको. आता लगेच, नाहीतर हवेनं परत साय धरते. झाळकामाची पावडर लाव. बत्ती पेटव. ज्योत मोठी नाही, मऊ. जागेवर धरू नको, आजूबाजूनं फिरव. हे लोखंडासारखं लाल होऊन सांगत नाही. पांढरं बसलेलं असतं बसलेलं, नि एकदम ढासळतं."

"मग कळणार कसं?"

"पावडरकडं बघ. ती पाण्यासारखी झाली की कांडी टेकव. कांडी ज्योतीत नको, जाळीच्या अंगाच्या ऊबेनं वितळली पाहिजे."

मंतशाच्या कानशिलावरून घाम ओघळत मानेत जात होता. पत्रा वरून तापलेला, बत्ती खालून. अब्बांच्या हातमोज्यातली चौकट हलली, त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट आवळून धरलं. पावडर फसफसली, मग एकाएकी नितळ झाली. तिनं कांडी टेकवली. क्षणभर काही नाही. मग कांडीचं टोक मऊ झालं, नि चमकता थेंब नळीभोवती आपला आपण फिरून बसला.

"बस!" शेहजाद ओरडला. "हटव!"

ती बत्ती बंद करून खालीच बसली. अब्बा त्या सांध्याकडं वाकून बघत होते. त्यांच्या कथलापेक्षा तो सांधा ओबडधोबड होता. "बसलं," ते म्हणाले. आणि दुसऱ्या बाजूनं वाकून बघून, "चांगलं बसलं."

थंड झाल्यावर तिनं राहिलेली पावडर गरम पाण्यानं ब्रश मारून काढली, ती राहिली तर महिन्यात तीच जाळी खाते. मग टाकी बसवली. टाकी नि जाळीच्या मधलं रबरी वायसर जुनंच होतं, भंगारातल्या टाकीबरोबर आलेलं. तिनं ते उलटून पालटून पाहिलं, धुतलं, बसवलं. समोरासमोरचे दात आळीपाळीनं दाबत गेली. पुन्हा बुचं, पुन्हा हवा, पुन्हा हौद.

सांधा कोरडा. नळ्या कोरड्या. तिघंही पाण्यावर वाकून होते. कशिश सुद्धा ओढणी ताणून बघत होती.

आणि टाकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक बुडबुडा सुटला. वर आला, फुटला. पुष्कळ वेळ काही नाही. मग दुसरा.

"वायसर," शेहजाद म्हणाला. "कोपऱ्यात कडक झालंय. नवीन लागेल."

"एकच तर आहे," अब्बा म्हणाले. "इतक्यानं काय होतं? वर पाणी भरत राहायचं."

"थंड पाण्यात एक आहे. घाटात तापलं, दाब वाढला की एकाचे शंभर होतात, अब्बा."

"छगनभाऊ उद्या सकाळी येईल."

"येऊ दे. वायसर उद्या दुपारच्या एसटीनं येईल, मी धुळ्याला फोन करतो. परवा जाईल म्हणावं."

"परवा." अब्बांनी तो शब्द तोंडात घोळवला. "परवा म्हणून मी जबान दिली होती, तो परवा म्हणजे उद्या."

शेहजादनं धुळ्याला फोन लावला. तेवढ्यात मगरिबची, रोजा सोडायची, अजान झाली. मंतशानं खजुराची ताटली पुढं केली, अब्बांनी एक खजूर उचलला, पाणी प्यायले, आणि पुन्हा हौदाकडं बघत बसले.

सकाळी शेहजाद पट्टी बदलायला दवाखान्यात गेला होता. मंतशा मागं कशिशला आंघोळ घालत होती. कशिशच्या रडण्यात पुढचं काही ऐकू आलं नाही. फक्त एक इंजिन सुरू झाल्याचं कळलं. दुकानापुढं दिवसभर गाड्या येतात, थांबतात, जातात. तिनं पोरीच्या डोळ्यांतला साबण पुसला, तेल लावलं, निजवलं. अब्बा पुढं होते. बाहेर आली तेव्हा ते हात धूत होते, दगडावर घासून घासून.

"छगननाना आले होते का?"

"येऊन गेले," अब्बा म्हणाले. तिला वाटलं, उद्या या म्हणून सांगितलं; गाडी शेडच्या पलीकडच्या अंगाला उभी असायची, तिकडं तिनं पाहिलंच नाही.

दुपारी एसटीच्या ड्रायव्हरनं धुळ्याहून आलेलं पाकीट टाकलं. नवं काळं वायसर, मऊ, वेटोळं केलेलं. मंतशा ते घेऊन शेहजादच्या खाटेशी आली. "आणा जाळी, बसवून टाकू." मग तिनं उजव्या बाजूला पाहिलं. हौदाजवळ जाळी नव्हती. फरशीवर काळ्या रंगाचे दोन थेंब होते आणि पुट्टीच्या दोन दाबलेल्या नळ्या.

"अब्बा?"

अब्बा आपल्या बाजूला शेगडीपाशी बसले होते. शेगडी विझलेली.

"सहेरीनंतर, तुम्ही निजला होतात तेव्हा, कोपऱ्यात पुट्टी भरली," ते म्हणाले. "वरून रंग मारला. हवा भरून बघितली, एक बुडबुडा नाही. कोरडा. मग गाडीला बसवली."

"थंड पाण्यात कोरडा!" शेहजाद खाटेवरून उठला, हात गळ्यात हिसकला तसा कळवळला. "ती पुट्टी तापली की टाकी फुगते, जाळी फुगते, पुट्टी सुटते! कधी गेले ते?"

"सकाळी. ते म्हणत होते, आज माल नाही टाकला तर व्यापारी दुसरीकडून घेईल. पोरगं वाट बघतंय म्हणाले." अब्बांनी विझलेला कोळसा बोटानं बाजूला सारला. "माझ्याकडं बघून म्हणाले, जब्बारभाऊ, झाली ना? मी म्हटलं, झाली. तोंडातून गेलं. ते म्हणाले, मी तुमले उगाच बोलनू. हात जोडले त्यांनी मला."

मंतशानं वायसर खाटेवर ठेवलं. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

मग शेहजादनं फोन उचलला. छगननानांचा फोन बंद. नाना फोन करायचा असला तरच चालू करतात, ही सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट. गावातल्या एका ओळखीच्याकडून प्रेमराजचा नंबर, प्रेमराजकडून दिपमालाच्या भावाचा. त्यात वेळ गेला. मंतशा फोनला कान लावून खाटेच्या काठावर बसली होती.

"निघाले की ते," भाऊ पलीकडून म्हणाला. "जेवण करून निघाले आत्ताच. ताई, बाळ, दोघं म्हातारे. का हो?"

"ताईंना फोन लावा. म्हणावं गाडी थांबवा. घाट चढू नका. आणि तापली तर झाकण उघडू नका, कुणीही हात लावू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर येतं. बाळाला घेऊन लांब सावलीत बसा म्हणावं."

"लावतो, पण घाटात रेंज नसते."

मंतशानं फोन खाली ठेवला नि मागं वळली. शेगडीपाशी कुणी नव्हतं.

नवं वायसर खाटेवर नव्हतं. भिंतीवरची पकडही नव्हती, आणि पाण्याचे दोन पाच-पाच लिटरचे डबेही. अब्बांचा फोन कथलाच्या कांड्यांवर पडला होता. रस्त्यापलीकडून सुनंदाबाई टपरीवाली ओरडली, "चाचा काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसले गं! घाटाकडं गेले. मी म्हटलं ऊन किती, तर हातानंच दाखवलं, येतो म्हणून."

शेहजाद चपला शोधायला लागला. "तुम्ही कुठं? एका हातानं गाडी चालवणार?" मंतशा म्हणाली. तो चपला घालून उंबऱ्यावर बसला, आणि मग त्यानं तोंड दुसरीकडं फिरवलं. ओळखीच्या दोघांना त्यानं फोन केले. एकजण साक्रीला होता, दुसऱ्याची गाडी लग्नाला गेलेली.

मंतशा कशिशला कडेवर घेऊन रस्त्यावर आली. ऊन तिरपं झालं होतं पण झळ उतरली नव्हती. घाटाकडून येणारी प्रत्येक गाडी ती डोळ्यांनी चाळत होती. छगननानांची पिकअप पांढरी, पुढच्या काचेवर झेंडूची सुकलेली माळ. ती येत नव्हती.

काळीपिवळी परत आली तेव्हा तिनं हात आडवा केला. ड्रायव्हर जीवराम ओळखीचा होता.

"बाबा ना? घाटना तोंडले उतारनात. म्हने, पुढे पायी जास, गाडी चढताना दखाई जाई. मी म्हनं, बाबा बसा, खालपर्यंत सोडस. नही आयकनं. त्यासले वाटे, गाडी आडवाटेले उभी व्हई तं मना जीपमधून दखावाव नही."

"पाणी घेतलं का त्यांनी?"

"दोन डबा व्हतात ना हातमा."

"प्यायले का?"

जीवरामनं मान हलवली. "मी मनी बाटली दी. रोजा शे म्हने."

"आणि पिकअप? पांढरी?"

"मी खाले नही गयू, माय. सवारी वरच उतारी दिधी." त्यानं गियर टाकला, मग थांबून तिच्याकडं पाहिलं. "पाय वढत चाली राहिंथात बाबा. डबा जड व्हतात."

जीप गेली. कशिश खांद्यावर झोपली होती, तिच्या तोंडाची लाळ मंतशाच्या ओढणीवर गरम उतरत होती. मागं शेहजाद भावाकडून घेतलेला दिपमालाचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होता; फोनमधली बाई तेच तेच वाक्य बोलत होती, ग्राहक संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे.

घाटाकडं जाणारा एक ट्रक आला, तिनं थांबवला. ड्रायव्हर गुजरातचा, त्याला मराठी थोडंच येत होतं. तरी तिनं सांगितलं. मग एक मोटारसायकल, नवराबायको, बाजार करून निघालेले. त्यांनाही सांगितलं. मग कांद्याचा छोटा टेम्पो. प्रत्येकाला तेच, प्रत्येक वेळी थोडं जास्त, कारण मागच्याला काहीतरी सांगायचं राहिलं असं तिला वाटायचं. लोक हो म्हणत, मान हलवत. काहींनी पोरीच्या झोपल्या तोंडाकडं बघून आवाज खाली केला. सूर्य डोंगराच्या कडेला आला, सुनंदाबाईनं टपरीवरचा दिवा लावला, आणि मंतशा अजून रस्त्याच्या कडेला होती.

आणि तुम्हीही त्या बाजूनं जात असाल, तर तुम्हालाही तिचं हेच सांगणं आहे. चरणमाळच्या घाटात गाडी जरा हळू घ्या. झाकणातून वाफ येत असलेली पांढरी पिकअप दिसली तर थांबा, आत तान्हं बाळ आहे. कुणाला झाकणाला हात लावू देऊ नका. पण पिकअप दिसो न दिसो, वळणावळणावर कठड्याकडं बघा. पांढरी दाढी, निळा सदरा, डोक्यावर जाळीची टोपी. उभे असतील, नाहीतर कठड्याला टेकून बसलेले. तुम्ही विचाराल तर म्हणतील मी ठीक आहे, तुम्ही जा. जाऊ नका. खाली उतरा, त्यांच्या कपाळाला हात लावून बघा. सांगा, अजान झाली, रोजा सुटला, सूनबाईनं विचारलंय. दोन डबे असतील जवळ, गाडीसाठी राखलेले. त्यातलं पाणी आधी त्यांना पाजा.